किटच्या डब्यात दूरसंचार सापडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचा हंगाम आला की 'कोणती शाखा घ्यावी' यावर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहिले जाते. अणुविद्युत व दूरसंचार अभियांत्रिकी, म्हणजे मुलांच्या तोंडची 'ईएनटीसी', हिच्याबद्दल त्यात दोनच गोष्टी येतात: कटऑफ किती आणि प्लेसमेंट किती. प्रयोगशाळेतल्या दोन तासांत तिथे नेमके काय होते, हे कुणी विचारत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत येऊन 'यातलं काही कळत नाही, कोडिंगच बरं' म्हणणारी मुले गणिताला घाबरली, असे सर्रास धरले जाते. आमच्या मते खरा दोष प्रॅक्टिकलचा आहे, आणि तो फारसा पैसा न घालता दुरुस्त होण्यासारखा आहे. पत्र लांबले आहे, पण तपशिलाशिवाय हे सांगण्यात अर्थ नाही.

डिजिटल कम्युनिकेशनची लॅब घ्या. बीपीएसकेचे (लहरीची फेज उलटवून शून्य-एक पाठवण्याची पद्धत) ट्रेनर किट असते. डावीकडे ट्रान्समीटर, उजवीकडे रिसीव्हर, मध्ये टेस्ट पॉइंट. वीस मुलांची बॅच, चार-पाच किट. मॅन्युअलप्रमाणे पॅच कॉर्ड लावायच्या, सीआरओवर (लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र) आकृती आली की जर्नलमध्ये उतरवायची, सही घ्यायची. त्या पॅच कॉर्डमधल्या दोन नीट पाहा. पुष्कळ किटमध्ये ट्रान्समीटरचा कॅरिअर (माहिती वाहून नेणारी लहर) आणि बिट क्लॉक (बिटांची वेळ सांगणारा ठोका) तारेने थेट रिसीव्हरला दिलेला असतो. मोबाइल आणि टॉवर यांच्यात अशी तार नसते. समोरच्याची फ्रिक्वेन्सी नेमकी किती, फेज काय, एक बिट कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हे सगळे रिसीव्हरला आलेल्या सिग्नलमधूनच शोधून काढावे लागते. रिसीव्हरचे सर्वांत अवघड काम हेच, आणि किटने ते वीतभर तारेत उरकलेले असते. मग कॉस्टास लूप, म्हणजे आलेल्या सिग्नलमधून कॅरिअर शोधणारे सर्किट, पाच गुणांसाठी पाठ करणाऱ्या मुलाला तो कशासाठी लागतो हे कळावे कसे?

नवी खरेदी न करता हे दाखवता येते. दोन किट शेजारी ठेवा. एकाचा ट्रान्समीटर, दुसऱ्याचा रिसीव्हर. दोघांची ग्राउंड जोडा, मॉड्युलेटेड सिग्नलची एक वायर जोडा, पण कॅरिअर रिसीव्हरच्या स्वतःच्या किटवरचा वापरा. दोन क्रिस्टलमध्ये ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असला, तर १ मेगाहर्ट्झच्या कॅरिअरवर तो होतो ५० हर्ट्झ. आउटपुट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते आणि दर वेळी बिट उलटतात. शून्याचे एक, एकाचे शून्य. हे एकदा सीआरओवर डोळ्यांनी पाहिले की कॅरिअर रिकव्हरीचा धडा पाठ करावा लागत नाही.

पुढची पायरी हवेतल्या सिग्नलची. आरटीएल-एसडीआर हा पेनड्राइव्हपेक्षा थोडा मोठा यूएसबी डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायचा रेडिओ रिसीव्हर, साधारण तीन-चार हजार रुपयांत मिळतो. साधारण २४ ते १७०० मेगाहर्ट्झ एवढा पट्टा, ८ बिटचे नमुने, आणि सेकंदाला २४ लाख नमुने तो न गळता देतो. सोबत जीएनयू रेडिओ हे मोफत सॉफ्टवेअर. पुण्यात विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर आहे. पहिला प्रयोग तिचाच करावा. अँटेनासाठी १४३ भागिले १०१ म्हणजे साधारण १.४२ मीटर, मधोमध तोडलेली ॲल्युमिनियमची नळी किंवा जाड तांब्याची तार, प्रत्येक हात ७१ सेंटिमीटर. कोॲक्स (अँटेनापासून डोंगलपर्यंतची केबल) म्हणून घरात पडलेली डिश टीव्हीची आरजी-६ चालते. '७५ ओहमची केबल ५० ओहमच्या डोंगलला कशी लावायची' हा प्रश्न मुले हमखास विचारतात, आणि तो सोडवून दाखवण्यासारखा आहे: रिफ्लेक्शन कोइफिशंट (लहरीचा परत फिरणारा भाग) २५ भागिले १२५ म्हणजे ०.२, परत जाणारी शक्ती ४ टक्के, तोटा जेमतेम ०.१८ डीबी (डेसिबल, शक्तीच्या गुणोत्तराचे माप). रिसीव्हिंगसाठी नगण्य.

सॉफ्टवेअरमध्ये क्रम असा: २४ लाख नमुन्यांतून लो पास फिल्टर लावून दहास एक नमुना ठेवा, म्हणजे सेकंदाला २,४०,००० उरतात, मग एफएम डीमॉड्युलेटर, मग ५० मायक्रोसेकंदांचा डीएम्फसिस (प्रसारणात मुद्दाम वाढवलेले उंच सूर पुन्हा खाली आणणे), मग पुन्हा फिल्टर, पाचास एक, ४८,००० नमुने साउंड कार्डला. २,४०,००० हा आकडा का निवडला, तर कार्सनच्या नियमाने (एफएमच्या बँडविड्थचे सूत्र) ७५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन (फ्रिक्वेन्सीचा हेलकावा) आणि १५ किलोहर्ट्झ आवाज धरून बँडविड्थ १८० किलोहर्ट्झ होते आणि ती यात बसते. स्टिरिओसाठी ५३ किलोहर्ट्झपर्यंतचा बेसबँड (मूळ सिग्नल) धरला तर कार्सन २५६ किलोहर्ट्झ सांगतो. मग स्टिरिओचे काय होईल, हा प्रश्न मुलांना घरी न्यायला द्यावा. डीमॉड्युलेटरनंतर स्पेक्ट्रम लावला की १९ किलोहर्ट्झवर एक बारीक, ताठ रेघ उभी दिसते. तोच स्टिरिओचा पायलट, म्हणजे प्रसारण स्टिरिओ असल्याची खूण. पुस्तकातल्या ब्लॉक डायग्राममधला चौकोन त्या क्षणी खरा होतो.

बिघडते काय, हे प्रॅक्टिकलच्या कागदावर आधीच लिहिलेले असावे. शहरात ट्रान्समीटर जवळ असतो आणि मुले गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) पूर्ण वर ठेवतात. मग नसलेल्या जागी स्टेशने ऐकू येतात. ओळखायची रीत सोपी: गेन १० डीबीने कमी करा. खरे स्टेशन १० डीबीने उतरते, भुताचे २०-३० डीबीने पडते किंवा नाहीसे होते. स्पेक्ट्रमच्या बरोबर मध्यावर कायम एक काटा दिसतो, तो सिग्नल नव्हे, डीसी ऑफसेट किंवा डोंगलचीच गळती; तिथून २५० किलोहर्ट्झ बाजूला ट्यून करून सॉफ्टवेअरमध्ये सरकवून घ्यावे. नमुने दहास एक करण्याआधी फिल्टर विसरला तर शेजारचे स्टेशन आत दुमडून येते. याला ॲलिअसिंग म्हणतात हे दुसऱ्या वर्षी शिकलेले असते, पण ओळख तिथे होते. डीएम्फसिस विसरला तर आवाज पातळ आणि खरखरीत. आणि लॅपटॉपचा चार्जर लावताच सगळीकडे समान अंतरावर रेघा उठल्या, तर तो स्विचिंग सप्लायचा आवाज. चार्जर काढा, डोंगल मीटरभर यूएसबी केबलने लॅपटॉपपासून दूर न्या.

डिजिटलसाठी विमाने आहेत. प्रवासी विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची, वेग स्वतःहून प्रसारित करत असते. संदेश १२० मायक्रोसेकंदांचा: पहिले ८ मायक्रोसेकंद प्रिॲम्बल (सुरुवातीची ठरलेली खूण), नंतर सेकंदाला १० लाखांच्या वेगाने ११२ बिट, त्यातले शेवटचे २४ चूक ओळखण्यासाठी. अँटेना ६.९ सेंटिमीटरची उभी तार, खाली चार तिरक्या तारा. प्रिॲम्बल कोरिलेशनने (ठरलेल्या नमुन्याशी जुळवून) शोधा, बिट मोजा, सीआरसी, म्हणजे ते शेवटचे २४ बिट, ताडा. बीपीएसकेच्या किटवर जी तार जोडली जाते, तिच्या जागी इथे त्या ८ मायक्रोसेकंदांच्या खुणा आहेत. गच्चीवरून आकाश मोकळे असेल तर पुण्या-मुंबईत संदेशांना तोटा नाही. एक पथ्य मात्र पाळायचे. जे सर्वांसाठी प्रसारित होते तेवढेच ऐकावे, कुणाच्या संभाषणाच्या वाटेला जाऊ नये. आणि परवान्याशिवाय काहीही प्रसारित करू नये, अगदी 'फक्त टेस्टिंगला' म्हणूनही नाही. प्रसारण करायचेच तर हॅम (हौशी रेडिओ) परवान्याची परीक्षा आहे. वयाची अट १२ वर्षे, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. प्रोजेक्टसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या आत परवानामुक्त आहे. ऑनलाइन मागवताना मात्र अमेरिकेसाठीचे ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल गळ्यात पडते, ते बघून घ्यावे, आणि अँटेना जोडल्याशिवाय मॉड्यूलला सप्लाय देऊ नये.

अँटेनाच्या लॅबबद्दल थोडे. पाच-सात हजारांत नॅनोव्हीएनए हे अँटेना मोजण्याचे छोटे यंत्र मिळते आणि एफएम बँडच्या अँटेनासाठी ते पुरेसे आहे. चूक होते ती कॅलिब्रेशनच्या जागेची. ओपन, शॉर्ट, लोड (मोकळे, जोडलेले आणि ठरावीक ओहमचे टोक) हे तिन्ही यंत्राच्या तोंडाशी लावून नंतर दोन मीटर केबल जोडली, की स्मिथ चार्टवरचा (इम्पिडन्सचा गोल आलेख) ठिपका केबलच्या लांबीने फिरतो आणि रिटर्न लॉस (परत फिरणाऱ्या शक्तीचे माप) खऱ्यापेक्षा चांगला दिसतो, कारण केबलचा तोटा जाताना एकदा आणि येताना एकदा असा दोनदा मोजला जातो. कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी, जिथे अँटेना लागणार तिथेच. दुसरी खूण: केबलला हात लावला की आकडा बदलतो. म्हणजे कोॲक्सच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून करंट वाहतोय. अँटेनाच्या जवळ पाच-सहा फेराइट मणी ओवा किंवा केबलचेच सात-आठ वेढे घ्या. डायपोल, म्हणजे वरची दोन हातांची अँटेना, नेहमी थोडा लांब कापावा आणि मग छाटावा. १०१ मेगाहर्ट्झजवळ एकूण लांबी १ सेंटिमीटरने घटली की रेझोनन्स (अँटेना उत्तम चालते ती फ्रिक्वेन्सी) साधारण ०.७ मेगाहर्ट्झ वर सरकतो. चार वेळा छाटून चार रीडिंग घेतली की आलेख काढता येतो, आणि तो आलेख शेजाऱ्याच्या जर्नलमधून छापता येत नाही, कारण शेजाऱ्याची तार वेगळी कापलेली असते.

ज्या कॉलेजात यातले काहीच नाही, तिथेही प्रत्येक मुलाच्या खिशात मोजण्याचे यंत्र आहेच. ॲण्ड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' इथे सिग्नलची शक्ती दिसते; समजा उणे ९५ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेतले डीबी), ४५ एएसयू (तीच शक्ती मोजायचे फोनचे एकक). फोर-जीमध्ये एएसयूतून १४० वजा केले की तोच आकडा येतो. हा एक आकडा समोर ठेवून मोबाइल कम्युनिकेशनचा अर्धा पेपर शिकवता येईल. टॉवरचा ट्रान्समीटर २० वॅट म्हणजे ४३ डीबीएम, अँटेनाचा गेन १७ डीबी धरू, बेरीज ६० डीबीएम. १ किलोमीटरवर १८०० मेगाहर्ट्झला मोकळ्या जागेतला तोटा ३२.४४ अधिक ६५.१, म्हणजे ९७.५ डीबी. फोनवर यायला हवे उणे ३७.५ डीबीएम. फोन तर कितीतरी कमी दाखवतो! इथे बहुतेक मुले म्हणतात की भिंतींनी खाल्ले. भिंती खातातच, पण ५७ डीबी नाही. फोन दाखवतो तो आरएसआरपी, म्हणजे एकाच सबकॅरिअरची (पट्ट्यातल्या एका बारीक लहरीची) शक्ती. २० मेगाहर्ट्झच्या फोर-जीमध्ये १२०० सबकॅरिअर असतात. १२०० म्हणजे ३०.८ डीबी. ते वजा केले की उणे ६८. उरलेले २७ डीबी इमारती, झाडे, भिंती आणि टॉवरच्या अँटेनाची दिशा यांचे.

हीच गफलत नॉइजच्या हिशेबात आणखी महागात पडते. उष्णतेचा नॉइज उणे १७४ डीबीएम प्रति हर्ट्झ, २० मेगाहर्ट्झसाठी ७३ मिळवा, रिसीव्हरचा नॉइज फिगर (त्याने स्वतः घातलेली भर) ७ मिळवा: उणे ९४. सिग्नल उणे ९५. म्हणजे सिग्नल नॉइजच्या खाली, तरी व्हिडिओ सुरळीत चाललाय. मुले गोंधळून जातात. सबकॅरिअरची शक्ती सबकॅरिअरच्याच नॉइजशी ताडायला हवी: १५ किलोहर्ट्झसाठी ४१.८ डीबी, नॉइज उणे १२५. फरक ३० डीबी. हा हिशेब फळ्यावर दहा मिनिटांचा आहे. त्याआधी एक ठाम सवय लावावी लागते: डीबीएममध्ये डीबी मिळवता येतात, डीबीएममध्ये डीबीएम नाही. १० डीबीएम आणि १० डीबीएम मिळून २० नव्हे, १३ होतात. शेवटच्या वर्षापर्यंत ही चूक टिकून राहते आणि नोकरीच्या मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते.

ऑप्टिकल फायबरच्या लॅबची अवस्था याहून वाईट आहे. किटमध्ये मीटरभर प्लास्टिकचे जाड फायबर आणि लाल एलईडी असतो. आपल्या गल्लीत येणारे फायबर मात्र १२५ मायक्रॉनच्या काचेचे. ते जोडणारी मुले रोज वीस-वीस जोड करतात, आणि इंजिनिअर होऊ घातलेल्याने एकही केलेला नसतो. स्प्लायसिंग मशिन महाग आहे हे खरे, पण जवळच्या केबलवाल्याला त्याच्या मशिनसह मानधन देऊन दोन दिवस बोलावणे कुठल्याही विभागाला परवडते. त्याच्याकडून शिकायचे ते असे: सर्वांत आधी प्रोटेक्शन स्लीव्ह फायबरवर ओवायची. नवखा हमखास हेच विसरतो, आणि उत्तम जोड झाल्यावर तो तोडून पुन्हा करावा लागतो. मग कोटिंग सोलणे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, क्लीव्ह करणे (टोक सरळ तोडणे). क्लीव्हनंतर टोक पुसायचे नाही, टेबलाला टेकवायचे नाही. क्लीव्हचा कोन एका अंशाच्या आत हवा, नाहीतर मशिनच नाकारते. जोडाचा तोटा ०.१ डीबीच्या आत आला पाहिजे. काचेचे तुकडे झाकणाच्या डबीत. बोटाने झाडायचे नाहीत, त्वचेत गेले की दिसतही नाहीत. आणि फायबरच्या टोकात कधीही डोळा लावायचा नाही, तो प्रकाश दिसत नसतो.

मग तोट्याचे बजेट मांडायचे. जीपॉनच्या (घरोघरी फायबर इंटरनेट पोचवण्याची पद्धत) बी-प्लस वर्गाला २८ डीबीची मुभा. पाच किलोमीटर फायबर, किलोमीटरला ०.३५ प्रमाणे १.७५. दोन ठिकाणी एकास आठ स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश आठांत वाटणारा), प्रत्येकी १०.५, म्हणजे २१. सहा जोडांचे ०.६, चार कनेक्टरांचे १.६. बेरीज जवळजवळ २५. पलीकडून अधिक ३ डीबीएम सोडले तर घरच्या डब्यावर उणे २२, आणि त्याची मर्यादा उणे २७. हातात उरले तीन ते पाच डीबी. ते कशाने जातात? धुळीच्या कनेक्टरने. हिरव्या कनेक्टरला निळा जोडल्याने: हिरव्याचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते, निळ्याचे सरळ, मध्ये हवेची फट राहते आणि तीन-चार डीबी सहज जातात. आणि दाराच्या कोपऱ्यात करकचून वाकवलेल्या वायरने. वाकल्याचा दोष ओळखायला ओटीडीआरवर (फायबरमधला तोटा कुठे आहे ते दाखवणारे यंत्र) दोन तरंगलांब्यांनी मोजावे. १५५० नॅनोमीटरवर तोटा जास्त आणि १३१० वर कमी दिसला तर फायबर वाकले आहे, दोन्हीकडे सारखा दिसला तर जोड खराब.

गणिताबद्दल एवढेच की ते कमी करू नये, ऐकवावे. जिन्याच्या तळाशी एक टाळी वाजवून फोनवर रेकॉर्ड करा. तो त्या जिन्याचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एका ठोक्याला जिन्याने दिलेले उत्तर. ऑक्टेव्ह या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या कोरड्या आवाजाशी त्याचे कन्व्हॉल्यूशन (दोन सिग्नल एकमेकांत मिसळण्याची गणिती क्रिया) करा, आवाज जिन्यातून आल्यासारखा ऐकू येतो. ऑक्टेव्ह आणि सायलॅब फुकट आहेत, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सायलॅबचे शिक्षणसाहित्यही मोफत ठेवले आहे.

मग हे होत का नाही? शिक्षक आळशी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. स्पेक्ट्रम ॲनालायझर (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती शक्ती ते दाखवणारे यंत्र) कपाटात कुलूपबंद असतो, कारण त्याच्या इनपुटला १ वॅटहून जास्त गेले की पुढचा भाग जळतो आणि डेड स्टॉक रजिस्टरवर ज्याचे नाव त्याच्या मागे चौकशी लागते. यावर साधा उपाय आहे: इनपुटला कायमचा २० डीबी अटेन्युएटर (शक्ती कमी करणारा) आणि डीसी ब्लॉक (डीसी अडवणारा) घट्ट बसवून ठेवा. वाचनात २० मिळवायला मुले शिकतील, यंत्र सुरक्षित राहील. विभागप्रमुखांनी लेखी ठरवावे की सूचना पाळून काम करताना यंत्र बिघडले तर ते शिकवण्याच्या खर्चात धरले जाईल. हे एक पान निघाले तर अनेक कपाटे उघडतील.

पालकांना आणि मुलांना विनंती अशी की कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरण्याआधी पसंतीच्या कॉलेजात एक चक्कर मारा आणि ईएनटीसीची कम्युनिकेशन लॅब दाखवा म्हणा. स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या वापराचे रजिस्टर मागा, शेवटची नोंद कधीची ते पाहा. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला विचारा, 'तुझ्या फोनवर आत्ता किती डीबीएम आहे आणि ते कशाचे?' तो फोन काढून बघायला लागला तर लॅब जिवंत आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे प्रदर्शन भरते, तेही चुकवू नका. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, आणि त्यांचा पृष्ठभाग म्हणजे बारीक तारेची जाळी, आरपार आकाश दिसते. जाळीचे छिद्र एक-दोन सेंटिमीटरचे, ऐकायची सर्वांत छोटी लहर वीस सेंटिमीटरच्या आसपास. लहरीला ती जाळी भिंतीसारखीच. वाऱ्याला मात्र वाट मिळते, म्हणून एवढी मोठी डिश हलकी ठेवता आली.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांकडे मागणी एकच आहे. कम्युनिकेशनच्या प्रात्यक्षिक परीक्षेत निदान दहा गुण अनोळखी सिग्नलला द्यावेत. परीक्षकाने डोंगल, तार, पक्कड आणि एक फ्रिक्वेन्सी द्यावी. विद्यार्थ्याने अँटेना कापावी, सिग्नल पकडावा, बँडविड्थ मोजावी, मॉड्युलेशन ओळखावे आणि चुकले तर का चुकले ते लिहावे. वेळ दोन तास. जर्नल सोबत ठेवायला हरकत नाही.

आपले,
ईएनटीसी शाखेचे काही शिक्षक, पुणे